दुसरी क्रॅक

पहिल्या प्रॅक्टिकलला मी नापास झाले ती एका बोल्टपायी. वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड, जुन्या प्रवासी विमानातून बाद होऊन आलेला पोलादी बोल्ट. त्याच्या आट्यांमध्ये मला क्रॅक सापडली. ती मी आकृतीवर काढली, लांबी मोजून लिहिली आणि पुढचा बोल्ट हातात घेतला. त्या बोल्टमध्ये क्रॅक दोन होत्या. दुसरी हेडखालच्या गोलाईत होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

मी जालना जिल्ह्यातली, अंबडकडची. चार एकर कोरडवाहू रान, कापूस आणि तूर. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका टेस्टिंग लॅबमध्ये लागले आणि रांजणगावात खोली केली. तीन वर्षं दुचाकीचे कनेक्टिंग रॉड आणि ट्रकचे स्टब अ‍ॅक्सल तपासले. मग लॅबनं विमानाच्या सुट्या भागांचं काम घ्यायचं ठरवलं. त्यासाठी लेव्हल टू, म्हणजे भाग न तोडता तपासून निकाल द्यायची दुसऱ्या पातळीची परीक्षा, पास झालेली माणसं लागणार होती. साहेबांनी विचारलं, मी हो म्हणाले.

घरी सांगितलं तर आबा गप्पच बसले. आबा पूर्वी जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरून ट्रक चालवायचे. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याच्या विमानतळावरून उडताना इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर एका ट्रकला धडकलं. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ गेले. तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण आबांच्या लाइनीतली माणसं अजून ते काल घडल्यासारखं सांगतात. त्या अपघातात बोल्टचा काही संबंध नव्हता. तरी आमच्या घरात विमान म्हटलं की आधी तो ट्रक डोळ्यांपुढं येतो.

थोड्या वेळानं आबांनी विचारलं, "जुने बोल्ट बघत कशाला बसायलेत? नवेच टाकून द्यायचे की."

प्रश्न बरोबर होता. काही बोल्ट ठरलेल्या फेऱ्यांनंतर बदलतातच. पण काही जागी बोल्ट काढणं म्हणजे अर्धा पंख उघडणं. आणि नवा बोल्टही दोषी निघू शकतो. कडक पोलादाच्या बोल्टला कॅडमियमचा मुलामा देताना त्यात हायड्रोजन शिरतो. तो बाहेर काढायला मुलाम्यानंतर लगेच १९० अंशांच्या भट्टीत जवळपास दिवसभर ठेवावं लागतं. ते राहून गेलं तर दिसायला कोरा करकरीत बोल्ट ताणाखाली काही तासांत किंवा काही दिवसांत तुटतो. म्हणून नवा असो की जुना, बघावं लागतंच.

विमानाचं वय वर्षांपेक्षा फेऱ्यांमध्ये मोजतात, हे मला या प्रशिक्षणात कळलं. उडालं की केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, पंख वर वाकतात, इंजिनं आपल्या खुंट्यांना ओढतात. उतरलं की सगळं सैल. बैलगाडीच्या आसासारखं, एका खड्ड्यानं काही होत नाही, हजारोंनी होतं. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत २४,००० फुटांवर उडून गेलं. विमान १९ वर्षांचं होतं, पण बेटाबेटांमधल्या छोट्या उड्डाणांमुळं त्याच्या ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या. पत्र्याच्या जोडावरच्या रिव्हेटांच्या ओळीत बारीक बारीक क्रॅक होत्या, त्या एकमेकींना मिळाल्या. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. बाकीच्यांना वैमानिकांनी खाली आणलं. चौकशीत एका प्रवासी बाईनं सांगितलं की विमानात चढताना दाराजवळ तिला तडा दिसला होता, पण ती कुणाला बोलली नाही. सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ती बाई बघणारी नव्हती, तिचं ते काम नव्हतं, तरी तिला दिसलं. ज्यांचं काम होतं त्यांना दिसलं नव्हतं.

बोल्टचं उदाहरण केप टाउनचं. ७ नोव्हेंबर २००७, नेशनवाइड एअरलाइन्सचं ७३७-२००. या जातीच्या विमानात प्रत्येक इंजिन तीन 'कोन बोल्टां'वर, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या बोल्टांवर लटकतं, दोन पुढं आणि एक मागं. उड्डाण घेतानाच उजवं इंजिन सुटून धावपट्टीवर पडलं. मागचा बोल्ट आधीच थकलेला, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणानं तडकलेला होता. वैमानिक विमान परत घेऊन आले, कुणाला इजा झाली नाही. सरांनी फळ्यावर त्या बोल्टाची आकृती काढून तीन जागांवर खडूनं गोल केले: हेडखालची गोलाई, दांडा संपून आटे सुरू होतात ती जागा, आणि नटमध्ये अडकणारा पहिला आटा. ताण तिथंच साचतो. मी वहीत तिन्ही गोल काढून घेतले होते. परीक्षेत त्यातला पहिलाच विसरले.

आमचे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, आता गारखेड्यात राहतात. शिकवताना पहिला आठवडा त्यांनी बोल्टला हातच लावू दिला नाही. आधी डोळे. रंग ओळखता आले पाहिजेत, तीस सेंटिमीटरवरून जेगर एक नंबरची, म्हणजे तक्त्यावरची अगदी बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत, आणि ही वाचायची तपासणी दरवर्षी. माझा चष्मा उन्हात काळा होणारा होता. तसा चष्मा या कामात चालत नाही, कारण अतिनील दिव्याखालीही तो काळा होतो. नवा करून घेतला.

मग यंत्र. ते बोल्टला चुंबक बनवतं. बोल्ट दोन पॅडमध्ये पकडून त्यातून करंट सोडला की त्याला हेड शॉट म्हणतात. त्यात लांबीच्या दिशेनं गेलेल्या भेगा दिसतात. बोल्ट कॉइलमध्ये ठेवून केला तो कॉइल शॉट, त्यात आडव्या भेगा दिसतात. थकव्याची क्रॅक बहुतेक आडवी, म्हणून कॉइल शॉट चुकवायचा नाही, पण हेड शॉटही सोडायचा नाही. वरून चमकणाऱ्या लोहकणांचं पाणी ओततात. क्रॅकपाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं, कण तिथं गोळा होतात आणि अंधारात पिवळ्या-हिरव्या रेघेसारखे पेटतात. रोज सकाळी ते पाणी आधी हलवून काचेच्या नळीत घ्यायचं, तीस मिनिटं ठेवायचं आणि तळाशी बसलेले कण मोजायचे. १०० मिलिलिटरमागं ०.१ ते ०.४ मिलिलिटर बसले पाहिजेत. कमी असले तर क्रॅक पेटत नाही, जास्त असले तर सगळा बोल्टच पेटतो. दिव्याची तीव्रता मोजायची. पडदा ओढून आत गेल्यावर किमान एक मिनिट नुसतं उभं राहायचं, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला.

एप्रिल-मेमध्ये त्या काळ्या पडद्याआड काय होतं ते सांगून कळायचं नाही. बाहेर बेचाळीस अंश, आत पंखा नाही. घाम हनुवटीवरून बोल्टवर पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधायची. त्या पडद्याआडच्या पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. हेडजवळ मला लखलखीत बारीक रेघ दिसली. मी ओरडलेच. सरांनी मऊ ब्रशनं ती उचलली. माझ्या ओढणीचा धागा होता. कापसाचा तंतू त्या दिव्याखाली निळसर-पांढरा चमकतो, कणांची रेघ पिवळी-हिरवी असते. दुसऱ्या दिवसापासून ओढणी बाहेर ठेवून आत जायला लागले. कापसाच्या घरातली मी, सरकीपासून धाग्यापर्यंत सगळं ओळखते असं वाटायचं. अंधारातला कापूस पहिल्यांदा तिथं बघितला.

परीक्षेचे तीन भाग असतात: सामान्य, विशिष्ट आणि प्रॅक्टिकल. प्रत्येकात किमान ७० आणि सरासरी ८० लागतात. दोन्ही लेखी पेपर चांगले गेले. प्रॅक्टिकलमध्ये जी क्रॅक बोल्टला बाद ठरवते ती सुटली की बाकीचं कितीही बरोबर असो, नापास. मी म्हणाले, "सर, बोल्ट तर मी बादच केला होता. एक काय, दोन काय?" त्यावर सर चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, हाच बोल्ट फक्त हेडखाली फुटलेला असता तर?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री खोलीवर जेवले नाही. खरं तर मला माहीत होतं काय झालं होतं. आट्यातली रेघ दिसली आणि जीव हलका झाला. काम झालं असं वाटलं. त्यानंतर मी बोल्ट फिरवला, पण बघितला नाही.

पुन्हा बसायला तीस दिवस होते. सरांनी वीस बोल्टांचा ट्रे दिला आणि म्हणाले, दोन दिवसांत अहवाल दे. मी तीन बाद केले. सगळे वीस चांगले होते. एकावर आट्यांच्या तळाशी कण नुसते अडकून बसले होते. दुसऱ्यावर ट्रेमध्ये दुसरा बोल्ट घासल्यामुळं चुंबकाचा ओरखडा उमटला होता, त्याला मॅग्नेटिक रायटिंग म्हणतात. तिसऱ्याचं तर मला आजही सांगता येणार नाही. नापास झाल्यापासून मी इतकी घाबरले होते की मला सगळीकडं रेघा दिसायच्या. मग सरांनी पक्कं करून घेतलं: संशय आला की बोल्ट धुवायचा, चुंबकत्व उतरवायचं, पुन्हा शॉट द्यायचा. खरी क्रॅक त्याच जागी परत येते. तीही ब्रशनं पुसायची, तरी कण ओढून घेते. चांगला बोल्ट बाद केला की विमान हँगरमध्ये अडकतं, आणि दहादा असं झालं की अकराव्यांदा तुमचं कुणी ऐकत नाही.

त्याच महिन्यात दोन दिवस गावाकडं गेले होते. माय कपाशीत गुलाबी बोंडअळी बघत होती. झाडाझाडावरून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि फोडून बघायची, हे आता आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. बाहेरून बोंड टवटवीत दिसतं, अळी आत असते. तिसऱ्याच बोंडात तिला अळी दिसली. मी म्हटलं, "झालं की माय, आहे म्हणजे आहे." ती म्हणाली, "वीस म्हणजे वीस. किती आहेत ते कळल्याबिगर फवारायचं का नाही कसं ठरवू?" आणि उरलेली सतरा फोडली. मी तिथं बांधावर बसून राहिले. तिनं काही मला शिकवायला ते केलं नव्हतं, तिचं ते रोजचं होतं.

आमच्या बोल्टाला मात्र फोडून बघता येत नाही. तो परत जागेवर जायचा असतो.

परत आल्यावर मी स्वतःसाठी एक रीत बसवली. बोल्ट हातात घेतला की हेडवर मार्करनं एक ठिपका. तो घड्याळाचा बारा. एकावेळी एकच जागा, बाराही आकड्यांवरून: आधी हेडखालची गोलाई, मग दांडा, मग आटे सुरू होतात ती जागा, मग एकेक आटा. रेघ सापडली तरी तिथं थांबायचं नाही. खूण करायची आणि पहिल्यापासून पुन्हा. लिहायचं सगळं बघून झाल्यावरच. एका बोल्टला पूर्वी दीड मिनिट लागायचं, आता पाच लागायला लागली. दुसऱ्या प्रॅक्टिकलला मी सगळ्यात शेवटी उठले. ८८ गुण मिळाले.

नव्यांनी हे काम करायचं ठरवलं तर एक गोष्ट आधी जाणून घ्या: चुंबक सगळ्या बोल्टांना चालत नाही. जुन्या विमानांत एच-११ नावाच्या अतिकडक पोलादाचे बोल्ट होते. ओलाव्यात, नुसत्या आवळलेल्या ताणाखाली ते हळूहळू तडकायचे, म्हणून बऱ्याच जागी त्यांच्याऐवजी इनकोनेल, म्हणजे निकेलचा मिश्रधातू, आलं. इनकोनेल आणि टायटॅनियमला चुंबक धरत नाही. तिथं चमकणारा रंग क्रॅकमध्ये मुरवून बघतात, किंवा एडी करंट, म्हणजे धातूत भोवऱ्यासारखी वीज फिरवून. जागेवरून न काढता बघायचा असेल तर हेडवर प्रोब ठेवून अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडून. एकच पद्धत शिकून थांबलात तर पुढं अडकाल.

विमानाच्या बोल्टांचा पहिला खरा लॉट आमच्याकडं आला तो चाळीसचा. प्रत्येकाला टॅग, प्रत्येकाचा नंबर. बावीस नंबरच्या बोल्टवर, हेडखालच्या गोलाईत, घड्याळाच्या चार ते पाचच्या मध्ये, नखाच्या पांढऱ्या कडेएवढी रेघ होती. धुतलं, चुंबकत्व उतरवलं, पुन्हा शॉट दिला. परत आली. सरांना बोलावलं, त्यांनी बघितली आणि काही न बोलता माझ्या हातात लाल टॅग दिला. त्या बोल्टचे आटे आणि दांडा स्वच्छ होते. तरी ते पूर्ण बघितल्यावरच मी सही केली.

बाद बोल्ट तसाच ठेवत नाहीत. मालकाच्या लेखी सूचनेप्रमाणं लाल रंग लावून कटिंग व्हीलवर त्याचे दोन तुकडे केले, म्हणजे घासूनपुसून तो कुणाला पुन्हा विकता येऊ नये. १९८९ मध्ये नॉर्वेचं एक विमान शेपटीत बसवलेल्या बनावट, कमी ताकदीच्या बोल्टांमुळं समुद्रात पडलं आणि ५५ माणसं गेली. तुकडे पिशवीत भरताना मला आबांचा तो ट्रक आठवला. इथंही ५५ च.

उरलेल्या एकोणचाळीसांच्या कागदावर माझी सही आणि शिक्का आहे. अल्ट्रासॉनिकचे तास आता भरायला लागलेत. पुढच्या महिन्यात डोळ्यांची वार्षिक तपासणी आहे, आणि त्याच आठवड्यात दुसरा लॉट यायचाय, साठचा.