एन्किडू गेला कधी?

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ग्रंथालयात मी गेली अकरा वर्षे वाचनाचे काम करते. ध्वनिरोधक खोलीत बसून मी पुस्तक वाचते आणि ते विद्यार्थ्यांच्या हाती पडण्यापूर्वी आमचे तपासनीस नाना ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतात. नाना जन्मापासून दृष्टिहीन आहेत, मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या कानातून माझी चूक सहसा निसटत नाही. त्या सोमवारी सकाळी मी पर्स खुंटीला अडकवत असतानाच त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवले आणि विचारले, "ताई, एन्किडू गेला कधी?"

पुस्तक होते गिल्गमेशच्या महाकाव्याचे अँड्र्यू जॉर्ज यांनी केलेले, १९९९ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर. एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने ते मागितले होते, तिची परीक्षा तोंडावर आली होती आणि आदल्या आठवड्यात मी पहिल्या दहा पाट्या वाचून संपवल्या होत्या. अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराककडच्या भाषेतले हे काव्य मातीच्या पाट्यांवर लिहिलेले असल्यामुळे त्याचे भागही पाट्यांनीच मोजतात. अकरा पाट्यांत मूळ कथा येते आणि बारावी पाटी मागून जोडलेली आहे. नाना ब्रेल लिहिताना जी वापरतात तीही पाटीच, त्यामुळे हा शब्द आमच्यात पहिल्या दिवसापासून रुळला होता.

सातव्या पाटीचा शेवट नानांनी तीन वेळा ऐकला होता. उरुकचा राजा गिल्गमेश याचा जिवलग मित्र एन्किडू देवांनी ठरवलेल्या मरणाने अंथरुणाला खिळतो, एकेक दिवस मोजत बारावा दिवस उजाडतो आणि तो मित्राला हाक मारून सांगतो की, रणांगणावर पडणाऱ्याचे नाव मागे राहते, पण मला असे मरण आले नाही. एवढे बोलून पाटी संपते. आठवी पाटी पहाटेपासून सुरू होते आणि तिच्यात गिल्गमेश थेट विलाप करू लागतो. मधे मरण कुठेच नाही. "मला वाटलं माझा डोळा लागला," नाना म्हणाले, "म्हणून मागे जाऊन पुन्हा ऐकलं. मग वाटलं फाइलच तुटली आहे."

मी पुस्तक उघडले. एन्किडूच्या त्या शेवटच्या बोलण्याखाली भाषांतरकाराची एक छोटी टीप होती. पाटीच्या अखेरच्या सुमारे तीस ओळी अद्याप सापडलेल्या नाहीत आणि एन्किडूच्या मृत्यूचे वर्णन त्यांतच असले पाहिजे, असे ती टीप सांगत होती. ती मी वाचलीच नव्हती.

असे का झाले हे नीट सांगितले पाहिजे. कादंबरी किंवा इतिहासाचे पुस्तक वाचताना तळटिपा, कंसातले आकडे, संपादकाच्या खुणा मध्येमध्ये वाचत गेले तर ऐकणाऱ्याच्या हातातला धागा सुटतो, म्हणून त्या गाळायच्या किंवा प्रकरणाच्या शेवटी एकत्र वाचायच्या, हा आमचा रिवाज आहे आणि तो बहुतेक पुस्तकांना लागूही पडतो. मी तोच रिवाज इथे लावला. चौकोनी कंस सोडले, टिंबे सोडली, टिपा सोडल्या आणि जे उरले ते सलग, गोळीबंद आवाजात वाचले. ऐकायला ते छान वाटत होते. पण या पुस्तकात त्या खुणा हा मजकुराचाच भाग आहे आणि तो काढून टाकल्यावर जे उरते ते काव्य कुणीही, कधीही लिहिलेले नाही.

आज आपण जे वाचतो ते एका पाटीवरून आलेले नाही. अ‍ॅसिरियाची राजधानी निनवे येथील राजा असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहात या काव्याच्या प्रती होत्या. इसवी सनपूर्व ६१२ मध्ये ते शहर शत्रूंनी लुटून जाळले आणि पाट्यांचे तुकडे ढिगाऱ्याखाली गाडले गेले. एकोणिसाव्या शतकात उत्खननातून त्यांतले हजारो तुकडे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचले. पुढे बॅबिलोन, उरुक आणि इतर ठिकाणच्या प्रतींचेही तुकडे सापडत गेले. अभ्यासक एका प्रतीतली अर्धी ओळ आणि दुसऱ्या प्रतीतली उरलेली अर्धी जोडून गोधडीसारखा मजकूर शिवत आले आहेत. कंसातला शब्द म्हणजे तुटलेल्या जागी अभ्यासकाने भरलेला शब्द, तिरप्या ठशातला शब्द म्हणजे ज्याच्या वाचनाची खात्री नाही असा शब्द आणि टिंबे म्हणजे जिथे भरायलाही काही हाती नाही अशी जागा. मी सगळ्या शिवणी इस्त्री करून टाकल्या होत्या.

नानांची यादी तिथे संपली नव्हती. त्यांनी ब्रेलमध्ये टिपून ठेवलेल्या जाड कागदावरून बोट फिरवत दहाव्या पाटीच्या ध्वनिमुद्रणातली एक वेळ सांगितली. त्या पाटीत भटकून भटकून खंगलेल्या गिल्गमेशला समुद्रकाठी मद्य विकणारी सिदुरी, मग नावाडी उर-शनबी आणि शेवटी प्रलयातून वाचलेला उता-नपिश्ती असे तिघेजण एकाच शब्दांत विचारतात की, तुझे गाल का बसले, तोंड का उतरले, चेहरा थंडीने आणि उन्हाने का करपला आणि सिंहाचे कातडे पांघरून तू रानोमाळ का हिंडतो आहेस. "बाईनं विचारलं तेव्हा थंडी-ऊन होतं, नावाड्याच्या वेळीही होतं," नाना म्हणाले, "म्हाताऱ्याच्या वेळी नाही. तिथे काहीतरी गेलंय." नाना लहानपणापासून हरिपाठ म्हणत आले आहेत. ध्रुपदाचा एक शब्द कमी पडला तर टाळ धरलेला हात अडखळतो, असे ते म्हणतात. मी पान पडताळले. ओळी छापलेल्या होत्या. दोन ओळींची सुरुवात सारखी असल्यामुळे माझी नजर एकीवरून घसरून दुसरीवर गेली होती. जुन्या काळच्या नकलकारांच्या हातूनही नेमकी अशीच चूक होत असे आणि ती पकडण्याचा उपाय नानांनी वापरला तोच असतो, म्हणजे तोच मजकूर दुसरीकडे जसा आला आहे त्याच्याशी ताडून पाहणे. भाषांतरकाराला कित्येक तुटक्या ओळी खात्रीने भरता आल्या, त्याही काव्यातल्या या पुनरुक्तीच्याच बळावर.

गाळलेल्या ओळी पुन्हा वाचणे सोपे होते. तुटलेल्या जागांचे काय करायचे, यावर मात्र आमची दुपार झाली.

माझी पहिली सूचना अशी होती की, शब्द तुटला असेल तिथे क्षणभर थांबावे आणि ओळी गेल्या असतील तिथे जास्त वेळ गप्प राहावे. नानांना ते मान्य नव्हते. "कागदावर मोकळी जागा दिसते. कानाला मोकळी जागा म्हणजे यंत्र बंद पडलं. मुलगी बॅटरी तपासत बसेल." शिवाय आमच्या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सेकंदांहून लांब शांतता आपोआप कापण्याची सोय चालू असते, म्हणजे मी कितीही थांबले तरी ते थांबणे विद्यार्थिनीपर्यंत पोहोचलेच नसते.

मग मी म्हणाले की, सातव्या पाटीच्या शेवटी आपणच एक साधे वाक्य घालू या, 'येथे एन्किडू मरण पावला', म्हणजे कुणाचा गोंधळ होणार नाही. बोलता बोलताच मला जॉर्ज स्मिथ आठवले. नोटा छापण्यासाठी खोदकाम करण्याचे शिक्षण घेतलेला आणि या पाट्यांवरची कीलाक्षरलिपी स्वतःच्या बळावर शिकलेला हा माणूस. त्यांनी १८७२ साली ब्रिटिश म्युझियममधल्या एका तुटक्या पाटीवर गिल्गमेशच्याच काव्यातली प्रलयाची कथा ओळखली आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला लंडनमध्ये ती जाहीरपणे वाचून दाखवली. पुढच्या वर्षी ते स्वतः निनवेला गेले आणि कथेतली एक पोकळी भरून काढील असा तुकडा त्यांना थोड्याच दिवसांत मिळाला. त्या काळी सर्वांना तो अगदी जागच्या जागी बसला असे वाटले. पुढे लक्षात आले की, तो गिल्गमेशच्या काव्यातला नव्हताच, अत्रहासिस या दुसऱ्याच काव्यातला होता. स्मिथसारख्या माणसाचा हात जिथे फसला, तिथे मी वाक्य घालणार कशाच्या आधारावर?

दुसरेही एक कारण होते आणि ते मला जास्त मोलाचे वाटते. इराकमधल्या सुलेमानिया येथील संग्रहालयाने विकत घेतलेल्या एका पाटीवरून फारूख अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज यांनी २०१४ मध्ये पाचव्या पाटीच्या सुमारे वीस नव्या ओळी प्रसिद्ध केल्या. देवदारांच्या अरण्यात चढणारा पक्ष्यांचा, रातकिड्यांचा आणि माकडांचा आवाज त्यांत आहे आणि झाडे तोडून झाल्यावर आपण हे रान उजाड केले, अशी एन्किडूच्या मनाला लागलेली टोचणीही आहे. आमच्या हातातल्या जुन्या छपाईत त्या ओळी नाहीत. उद्या त्या तीस ओळीही कुठून तरी वर येतील. त्यांची जागा मी माझ्या वाक्याने अडवून ठेवणे बरोबर नव्हते.

तोडगा मेसोपोटेमियातच मिळाला. तिथले लेखनिक जुनी पाटी उतरवून घेताना मूळ पाटी फुटलेली असेल, तर त्या जागी बारीक अक्षरांत 'खेपी' असा शब्द लिहून पुढे जात. त्याचा अर्थ 'तुटले आहे'. स्वतःची भर घालायची नाही, जागा लपवायचीही नाही, पुढच्या वाचणाऱ्याला एवढेच कळवायचे की इथे होते आणि आता नाही. मी हे लेखनिकांविषयी वाचताना कधीतरी टिपून ठेवले होते. नानांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. पुस्तक इंग्रजी असल्यामुळे तुटल्या जागी 'ब्रोकन' एवढा एकच शब्द, जरा खालच्या पट्टीत म्हणायचा, टीप असेल तिथे ती पूर्ण वाचायची आणि कंसांचा अर्थ सुरुवातीलाच समजावून सांगायचा, असे आम्ही ठरवले.

जेवणानंतर नाना माझ्याबरोबर आतल्या खोलीत येऊन बसले. तिथे दोन खुर्च्या जेमतेम मावतात, त्यांचा गुडघा माझ्या टेबलाला लागत होता. सातव्या पाटीचा शेवट मी पुन्हा वाचला, त्याखालची टीप वाचली, 'सुमारे तीस ओळी' हे शब्द उच्चारले आणि पान उलटणार तोच नानांनी हात वर केला. मी थांबले. पडद्यावरची रेषा सपाट सरकत होती. ती कापली जाणार हे दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी हात खाली घेतला तेव्हा मी आठवी पाटी सुरू केली.

आठव्या पाटीत गिल्गमेश मित्राला विचारतो की, ही कसली झोप तुला लागली आहे, माझे बोलणे तुला ऐकू का येत नाही. एन्किडू मान उचलत नाही. गिल्गमेश त्याच्या छातीवर हात ठेवून पाहतो तर हृदय चालत नसते. मग तो नवरीचा चेहरा झाकावा तसा त्याचा चेहरा झाकतो, गरुडासारखा त्याच्याभोवती घिरट्या घालतो आणि बछडे हिरावलेल्या सिंहिणीसारखा येरझाऱ्या मारतो. पहिल्या वेळी मी हा भाग चांगला वाचला असे मला वाटले होते. या वेळी छातीवरच्या हाताच्या ओळीला माझा आवाज बसला आणि ती तीनदा घ्यावी लागली. नाना काही वेळाने म्हणाले, "आमच्या हिच्या वेळी मलाही असंच कळलं. सगळे डॉक्टरांची वाट बघत होते. माझा हात होता तिथे." आम्ही पाच मिनिटे ध्वनिमुद्रण थांबवले. त्यांनी पाणी प्यायले आणि पुढे वाचा म्हणाले.

संध्याकाळी साडेसहापर्यंत आठवी पाटी आणि दहाव्या पाटीतल्या सुटलेल्या ओळी झाल्या. बाकीच्या दुरुस्त्यांना पुढचे चार दिवस लागले आणि विद्यार्थिनीला परीक्षेच्या तीन आठवडे आधी पुस्तक मिळाले. आमच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या शेवटी वाचकाचे नाव आणि तारीख सांगण्याची पद्धत आहे. मेसोपोटेमियातल्या नकलकारांचीही पाटीच्या शेवटी तशीच नोंद असे, मूळ प्रतीप्रमाणे लिहिले आणि पडताळले. 'लिहिले आणि पडताळले' हे अक्कादीत 'शतिर-मा बरी'. यातला 'बरी' म्हणजे 'पडताळले', हे मी सांगितल्यावर नानांनी ब्रेलची पाटी पुढे ओढली, टोचणीने उजवीकडून डावीकडे तो शब्द उमटवला, कागद उलटा करून बोटाने वाचून पाहिला आणि म्हणाले, "प्रत्येक पाटीच्या शेवटी घाला. वाचणाऱ्याच्या नावानंतर, तपासणाऱ्याच्या आधी."