हिरव्या खोक्यातले मूग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे शाळेचे पत्र आले. स्नेहसंमेलने, सहली, कबड्डीचे सामने असे लिहिण्याजोगे पुष्कळ होते, तरी डोळ्यांसमोर आली ती विज्ञानाच्या बाईंनी खिडकीत मांडलेली बुटांची चार खोकी.

मी तेव्हा आठवीत होतो. खानापूरच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणून बाईंनी हा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतला. खोक्यांची खिडकीकडची बाजू कापून तिथे तांबडा, निळा, हिरवा आणि बिनरंगी जिलेटिन कागद चिकटवला व प्रत्येकात १० मूग पेरले. पाने हिरवी, तेव्हा हिरव्या उजेडातच रोप जोमाने वाढणार, असे मी छातीठोकपणे सांगितले होते. आठव्या दिवशी हिरव्या खोक्यातली रोपे खरोखरच सर्वांत उंच निघाली आणि मी वहीत ‘हिरवा प्रकाश सर्वोत्तम’ असे लिहून मोकळा झालो.

बाई रागावल्या नाहीत. “उंच झालं म्हणजे चांगलं झालं, असं कोण सांगितलं रे?” एवढेच विचारून त्यांनी एकही फट नसलेले पाचवे खोके माझ्याकडूनच मांडून घेतले. त्या काळोखातले मूग हिरव्यापेक्षाही लांब वाढले. पण पिवळे, लुळे, बियांतला साठा उंचीवरच खर्चून बसलेले. हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते, हिरवा त्यामानाने कमी, हे पुस्तकातले वाक्य मला त्या दिवशी उमगले; हिरव्या खोक्यातली रोपेही उपयोगी उजेड कमी पडल्यानेच लांबली होती. निळ्या खोक्यातली बुटकी रोपे खिडकीकडे वाकली होती, तांबड्यातली जवळजवळ सरळच होती. वाकण्यामागे निळा प्रकाश असतो, हेही बाईंनी तेव्हाच दाखवले. शिवाय, रंगीत कागदातून मुळात उजेडच कमी-जास्त येतो, त्यामुळे आपला प्रयोग पुरता चोख नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले. स्वतःच्या प्रयोगातली उणीव स्वतःच दाखवणारे शिक्षक मला पुढे कॉलेजातही फारसे भेटले नाहीत.

मी रबर घेऊन निष्कर्ष पुसायला निघालो, तेव्हा बाईंनी हात धरला. “पुसू नकोस. एक रेघ मार. खालचं वाचायला यायला पाहिजे की.”

आज बेळगावजवळ माझी ऊस आणि केळीच्या ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांची प्रयोगशाळा आहे. तिथे सुमारे ४५० आणि ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचे निळे-तांबडे एलईडी दिवे जळतात आणि त्या जांभळट उजेडात पाने काळी दिसतात. नव्याने आलेली मुले चुकलेली नोंद खाडाखोड करून झाकतात, तेव्हा मी बाईंचेच वाक्य त्यांना ऐकवतो, बहुधा त्यांच्याच हेलात.

मध्यंतरी शाळेत गेलो होतो. कौले जाऊन स्लॅब आला आहे आणि हा प्रयोग आता फळ्याच्या जागी बसवलेल्या पडद्यावर तीन मिनिटांत उरकतो, मूग न भिजवता. मला ते रुचले नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. रेघ मारलेल्या ओळीखाली बाईंची तांबड्या शाईतली सही आहे. त्याखाली नवा निष्कर्ष मी लिहिलाच नाही, आणि बाईंनीही तो कधी मागितला नाही.