गाण्याआधीची अकरा मिनिटं

रविवार, रात्री उशिरा

आज सांताना या अमेरिकी रॉक बँडचा 'कॅराव्हानसेराय' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मध्ये उठायचं नाही, फोन बघायचा नाही, असं ठरवूनच बसले होते. या अल्बममधलं एखादंच गाणं सुटं काढून ऐकलं तर फारसं काही हाती लागत नाही. सलग ऐकला की मात्र तो पार वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडतो.

सुरुवातीला नुसते रातकिडे. मग हॅडली कॅलिमनचा सॅक्सोफोन, एकटाच, लांबून कुणीतरी हाक मारावी तसा. त्यामागून हळूहळू बास, पियानो, तालवाद्यं गोळा होतात. पहिली रचना दुसरीत कधी शिरली, दुसरी तिसरीत कधी गेली, कळत नाही. माणसाचा आवाज अजून आलेलाच नसतो. मध्यंतरी धाकट्या भावाला ऐकवत होते तेव्हा त्याने थोड्या वेळाने विचारलंच, "ताई, गाणं कधी सुरू होणार?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. शब्द येतात ते चौथ्या रचनेत, अकरा मिनिटं उलटून गेल्यावर. तेही दोन-सव्वादोन मिनिटांपुरते. सगळ्या अल्बममध्ये दहा रचना आणि त्यातल्या फक्त तिनांत गायन.

हे सगळं कोण करत होतं, ते लक्षात घेतलं की त्यातलं धाडस कळतं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवेपर्यंत या बँडमधल्या मुलांचा एकही अल्बम बाजारात आला नव्हता. पुढच्या दोन वर्षांत 'अब्राक्सस' आणि त्यानंतरचा तिसरा अल्बम, दोन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. कॉंगा, टिंबाले, हॅमंड ऑर्गन आणि त्यावर बँडचा म्होरक्या कार्लोस सांतानाची गिटार, हा मेळ लोकांना पाठ झाला होता. टिटो पुएन्तेचं 'ओये कोमो वा' त्यांनी घरोघरी पोचवलं होतं. तसलीच आणखी चार गाणी केली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्याऐवजी १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी हे काढलं. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचे तेव्हाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांना ही धंद्याच्या दृष्टीने आत्महत्या वाटली होती, असं कार्लोसनेच पुढे सांगितलं आहे. रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा तो पंचवीस वर्षांचाही नव्हता. त्या वयात, इतकं यश पदरात असताना, लोकांना आवडलेली गोष्ट बाजूला ठेवायला काय लागत असेल! (अल्बम तरीही पहिल्या दहांत गेला, याचा मला आजही आनंद होतो.)

मला सगळ्यात जास्त भिडतं ते 'साँग ऑफ द विंड'. सहा मिनिटं, मोजके कॉर्ड आणि गिटार. कार्लोस आणि नील शॉन दोघंही यात वाजवतात. सुरुवातीला एकेक स्वर सुटा, पुरेसा वेळ देऊन लावलेला. एखादा स्वर इतका लांबवलेला की तो आता विरणार असं वाटतं, आणि तिथेच तो पुन्हा फुगतो. ख्यालात बढत व्हावी तशी ती गिटार एकेक पायरी वर चढते, वेग वाढतो, पण घाई कुठेच नाही. खाली ग्रेग रोलीचा ऑर्गन पसरलेला असतो. आज तेवढा एकच भाग मी लक्षपूर्वक ऐकला, तर गिटारपेक्षा त्या ऑर्गननेच जास्त धरून ठेवलं.

रेकॉर्डची दुसरी बाजू उघडते 'फ्यूचर प्रिमिटिव्ह'ने. त्यात होसे 'चेपितो' आरेआस आणि मिंगो लुईस या दोघांची तालवाद्यं, बाकी जवळजवळ काही नाही. रॉकच्या अल्बममध्ये ही जागा सहसा गाजणाऱ्या गाण्याला देतात. त्यानंतर ब्राझीलचा संगीतकार जोबिम याचं 'स्टोन फ्लॉवर' येतं. त्या मूळ रचनेला कार्लोस आणि बँडचा ड्रमवादक मायकेल श्रीव्ह यांनी शब्द घातले. खरं सांगायचं तर ते शब्द मला साधारणच वाटतात, चाल मात्र अप्रतिम. आणि मग 'ला फुएन्ते देल रित्मो'. लुईसची ही रचना सुरू झाली की बसून राहणं कठीण. टॉम कोस्टरचा इलेक्ट्रिक पियानो धावत सुटतो, क्यूबाच्या अर्मांडो पेराझाचे बोंगो त्याच्या पायात पाय घालत असतात. या लोकांनी नाच सोडलेला नव्हता. तो कधी द्यायचा, ते आता ते स्वतः ठरवत होते.

मुखपृष्ठावर प्रचंड सूर्य आणि त्याच्यापुढून जाणारे उंट. आत परमहंस योगानंदांचं एक वचन छापलेलं आहे. याच सुमारास कार्लोस श्री चिन्मय यांच्याकडे ओढला गेला आणि पुढे 'देवदीप' हे नाव त्याने घेतलं. मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतातल्या आउत्लान गावी जन्मलेला, तिथल्या मारियाची या लोकसंगीतात व्हायोलिन वाजवणाऱ्या बापाचा मुलगा, तिहुआनात वाढून सान फ्रान्सिस्कोत आलेला, तो जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या वाटेने बंगाली गुरूपर्यंत पोचला. भारतीय वेशातले फोटो पाहून पूर्वी मला यात त्या काळची नुसती हौस दिसायची. 'एव्हरी स्टेप ऑफ द वे' ऐकताना तसं म्हणवत नाही. श्रीव्हने बांधलेली ही नऊ मिनिटांची रचना अर्धा वेळ दबा धरून असते, मग उसळते, बासरी येते, अख्खा वाद्यवृंद येतो. इतकी मेहनत हौसेपोटी कुणी घेत नाही.

यानंतर रोली आणि शॉन बाहेर पडले आणि १९७३ मध्ये त्यांनी 'जर्नी' हा बँड उभा केला. कार्लोसने त्याच वर्षी गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर अल्बम केला, तो उघडउघड भक्तीचा आहे आणि मला आवडतोही. पण 'कॅराव्हानसेराय'मध्ये जाणारे आणि येणारे एकाच खोलीत वाजवत आहेत. रोलीला गाणं हवं आहे, श्रीव्हला जॅझ हवं आहे, आणि दोघांपैकी कुणीही अंग चोरून वाजवलेलं नाही. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा याच अल्बमकडे येते.