क्रॉसिंगला थांबलेली गाडी

आमच्या घराच्या माळ्यावर मी मांडलेली खेळण्यातली कोकण रेल्वे पाहायला चढून येणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "ह्या पुरा कधी होतला?" आणि दुसरा, "गाडी कित्याक थांबली?" पहिल्याचे उत्तर मला देता येत नाही आणि दुसऱ्याचे उत्तर ऐकून कोणाचे समाधान होत नाही. गाडी क्रॉसिंगला थांबलेली असते. समोरून दुसरी गाडी यायची असते आणि मार्ग एकेरी असतो. खरे तर कुडाळकडच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण दिवा पॅसेंजरमध्ये बसून असे कधी थांबलाच नाही असा माणूस आमच्या वाडीत शोधावा लागेल. पण खेळण्यातल्या गाडीनेही थांबावे, ही गोष्ट मात्र कोणाच्या पचनी पडत नाही.

माळ्यावर पूर्वी भाताची कणगी, जादा कौले आणि एक मोडका पाळणा होता. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी ते सारे खाली उतरवले आणि आमच्या मेस्त्रींकडून आठ फूट बाय चार फुटांचा प्लायवुडचा तक्ता चौकटीवर ठोकून घेतला. मेस्त्रींना वाटले, गणपतीचे मखर करायचे आहे. आमच्या घरात या उद्योगाला अजूनही 'देखावा' असेच म्हणतात, आणि मीही आता त्याला 'लेआउट' म्हणावे असा आग्रह धरत नाही.

आयुष्यभर मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून काम केल्यामुळे मोठी गोष्ट लहान कागदावर उतरवण्याची सवय हाताला होतीच. आगगाड्यांच्या प्रतिकृतींत जे प्रमाण सर्वांत जास्त चालते, ते आहे एकास सत्त्याऐंशी. त्याचे नाव इंग्रजी एच आणि ओ या दोन अक्षरांचे, म्हणजे 'हाफ झीरो'. त्याहून मोठ्या 'झीरो' मापाचे हे साधारण अर्धे. माझ्या नातीने खोक्यावरची ती दोन अक्षरे सरळ 'हो' अशी वाचली, आणि किमतीचा आकडा पाहून मी विचारात पडलो असताना तो मला शुभशकुनच वाटला.

मात्र प्रमाण ठरले आणि पट्टी हातात घेतली की माणसाला कोकण रेल्वे किती मोठी आहे हे खऱ्या अर्थाने कळते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा तिचा मार्ग साधारण ७४० किलोमीटरचा आहे; सत्त्याऐंशीने भागूनसुद्धा तो साडेआठ किलोमीटर उरतो, म्हणजे माझ्या प्लायवुडवरून निघालेला रूळ गावाची वेस ओलांडून कितीतरी पुढे गेला असता. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मापात करायचा तर ७५ मीटर लागतात. आमच्या माजघरातून निघून, विहिरीला वळसा न घालता, तो शेजाऱ्यांच्या गडग्याखालून त्यांच्या गोठ्यात उघडला असता. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल नदीपात्रापासून ६४ मीटर उंच आहे. तो या प्रमाणात सुमारे ७४ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाइतका होतो, आणि टेबलावर टेबल ठेवल्यासारखा तो देखावा माळ्याच्या वाशांना टेकला असता. सर्वांत फजिती झाली ती वळणांची. ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून आखलेल्या या मार्गाची वळणे सव्वा किलोमीटर त्रिज्येची आहेत. माझ्या मापात ती त्रिज्या चौदा मीटरांहून अधिक येते. माझ्याजवळ चार फूट रुंदीचा तक्ता. त्यावर बसते ती बावीस इंचांची त्रिज्या, जी प्रत्यक्षात ४९ मीटरही भरत नाही. अशा वळणावर खरी एक्स्प्रेस नेण्याचा विचार करणाऱ्या अभियंत्याला कोकण रेल्वे उभारणाऱ्या श्रीधरनसाहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवले असते.

त्यात आणखी एक लबाडी आहे, जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर असते, तेव्हा माझ्या रुळांत सव्वाएकोणीस मिलिमीटर हवे होते. पण बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून बेतलेला आहे. म्हणजे माझे निळे डबे अंगाने कोकणातले आणि पायाने परदेशातले आहेत. मोजणीत एवढी चूक केली असती तर मला दोन खातेदारांच्या भांडणात साक्षीला उभे राहावे लागले असते. इथे मात्र मी ती डोळे उघडे ठेवून करतो, आणि फोटो काढताना कॅमेरा रुळांच्या समोर न धरता बाजूला धरतो.

जे सत्त्याऐंशीने भागून मिळाले नाही, ते परसात मिळाले. परदेशी छांदिष्ट गवत, माती आणि झाडे पाकिटांतून विकत आणतात. मी चिरेखाणीवरून जांभ्याची भुकटी आणली, चहाच्या गाळणीतून तीनदा गाळली आणि डोंगर कापून काढलेल्या कटिंगच्या भिंतींवर पसरली. तिला रंग द्यावा लागला नाही, कारण जांभ्याचा रंग देणे जांभ्यालाच जमते. पसरण्याआधी सहज लोहचुंबक फिरवले तर त्याला बारीक काळे कण चिकटून आले. जांभ्यात लोह असते हे शाळेत वाचले होते, पण ते इंजिनाच्या मोटारीत शिरून तिचा जीव घेऊ शकते हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. काथ्याचे जुने पायपुसणे कातरून भाताचे तरवे झाले. औषधांच्या खोक्यांच्या नालीदार पुठ्ठ्यातून कौले निघाली. रानतुळशीचे वाळलेले तुरे हिरव्या भुशात घोळवले की कलमांची बाग तयार होते. माड मात्र अजून साधलेला नाही. माडाला कोणत्याही बाजूने पाहिले तरी तो किंचित वाकडा आणि तरीही तोल सांभाळून उभा दिसला पाहिजे. माझे माड एक तर विजेच्या खांबासारखे ताठ उभे राहतात, नाही तर दारू प्यायल्यासारखे झुकतात.

विजेच्या खांबांवरून आठवले. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, आणि आता रुळांवर खांब आणि तारांचे जाळे आहे. मी मात्र डिझेलचा काळ निवडला. कारण विचारणाऱ्याला मी सांगतो की त्या इंजिनांचा आवाज मला आवडत असे. खरे कारण असे की नारळाच्या हिरांचे खांब उभारून त्यावर तार ओढण्याची चिकाटी माझ्यात नाही. स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर नावही मी अजून लिहिलेले नाही. सौभाग्यवतींचे माहेर कणकवलीकडचे, सून राजापूरची, मी कुडाळचा. पाटी कोरी आहे तोपर्यंत घरात शांतता आहे.

पावसाळ्यात कोकण रेल्वे आपले वेगळे वेळापत्रक लावते आणि गाड्या संथ चालवते, कारण कटिंगमधली माती आणि दगड केव्हा रुळांवर येतील याचा भरवसा नसतो. माझ्या माळ्यावरही जूनपासून तेच वेळापत्रक लागू होते. खारट दमट हवेने रुळांवर काळपट साय धरते, चाकांना वीज मिळेनाशी होते आणि इंजिन चार इंच जाऊन, दमेकऱ्याप्रमाणे थबकून उभे राहते. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने सारा मार्ग पुसून काढायचा. प्लायवुड फुगते, रुळांचे जोड एकमेकांवर चढतात, आणि एकदा तर कौलातून टपकणाऱ्या पाण्याने माझ्या जांभ्याच्या कटिंगमध्ये खरीखुरी दरड कोसळली. मी तिचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवला. डोंबिवलीचा पुतण्या प्रत्येक फोटोतली चूक काढतो आणि त्यामुळेच त्याला फोटो पाठवण्यात अर्थ असतो, या खेपेला त्याने लिहिले, "काका, हे मात्र अगदी खरे वाटते."

आता त्या थांबण्याविषयी. माझा सारा मार्ग, वळणे आणि सरळ भाग धरून, सहा मीटरही नाही. प्रत्यक्षात तो अर्धा किलोमीटर होईल. ताशी साठ किलोमीटरचा वेग या मापात सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर होतो. म्हणजे स्टेशन सोडलेली गाडी, अगदी शिस्तीत चालवली तरी, अर्ध्या मिनिटात त्याच स्टेशनात परत येते. पहिल्या आठवड्यात मी तिला गोल गोल पळवले आणि मला घाण्याचा बैल आठवला. अंतर लहान होते, घरे लहान होतात, माणसे तर करंगळीच्या पेराएवढी होतात. वेळ मात्र कोणत्याच प्रमाणाने लहान होत नाही. काही परदेशी छांदिष्टांनी त्यावर मुद्दाम जलद धावणारी घड्याळे लावण्याची युक्ती काढली आहे, तासाभरात त्यांचा दिवस संपतो. मला ती पटली नाही. माझ्या माळ्यावर एकास एक प्रमाणात होऊ शकेल अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे दहा मिनिटे थांबलेली गाडी. लूपमध्ये, म्हणजे मुख्य मार्गाला समांतर टाकलेल्या बाजूच्या रुळावर, उभी असलेली पॅसेंजर खरी दहा मिनिटे उभी राहते तेव्हा तिच्यात आणि झाराप किंवा मडुरे स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत काही फरक उरत नाही.

गंमत अशी की पळवणे सोपे असते आणि थांबवण्यालाच कारागिरी लागते. रुळांतूनच बारा व्होल्टची वीज वाहते, एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परत जाते, त्यामुळे एक गाडी सुरू केली की रुळांवरच्या साऱ्या गाड्या एकदम निघतात. एक उभी ठेवून दुसरी सोडायची तर लूपच्या एका रुळाला खाच पाडून तिथे प्लॅस्टिकचा जोड बसवावा लागतो, त्या तुकड्याला वेगळी तार आणि वेगळा स्विच द्यावा लागतो, आणि गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा फिरवण्याआधी स्विच बंद केला आहे ना हे मनात म्हणावे लागते. मी दोनदा विसरलो. दोन्ही वेळा पॅसेंजर आणि मालगाडी समोरासमोर आल्या. खऱ्या मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम किती माणसांच्या सावधपणावर उभा आहे, ते मला त्या दोन टकरींनी शिकवले. २०२१ मध्ये रोहा ते वीर हा टप्पा दुहेरी झाला तेव्हा पुतण्याने मलाही दुसरा रूळ टाकण्याचा सल्ला दिला. मी त्याला कळवले की आमच्याकडे तूर्त तसा प्रस्ताव नाही.

गणपतीत माळ्यावर गर्दी होते. रात्रभर गाडीतून उभ्याने आलेले चाकरमानी हातपाय धुऊन, बाप्पाला नमस्कार करून, दुसरी गाडी पाहायला शिडी चढतात, याचे मला दर वर्षी नवल वाटते. मुलांना वेग हवा असतो, भजनी मंडळींना इंजिनाची शिट्टी हवी असते, आणि वाडीतल्या एका आजींना 'ह्यात आमचा घर खय?' एवढेच जाणून घ्यायचे असते. मी प्रत्येकाला काही तरी दाखवतो आणि मध्येच गाडी लूपमध्ये घेऊन थांबवतो. कुरकुर सुरू होते. तिसऱ्या मिनिटाला ती ओसरते, आणि मग लोक रुळांकडे पाहायचे सोडून आजूबाजूला पाहू लागतात. कोणाला गडग्यावरचे शेवाळ दिसते, कोणाला विहिरीवरची दोरी. गाडी धावत असताना हे कोणालाच दिसलेले नसते.

गेल्या वर्षी पलीकडच्या वाडीतले एक आबा आले. त्यांच्या बागेतून रेल्वे गेली तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, भूसंपादनाची मोजणी करायला साखळी आणि प्लेन टेबल घेऊन मीच गेलो होतो, आणि हापूसची किती कलमे हद्दीच्या आत येतात हे त्यांच्यासमोर मोजले होते. त्या दिवशी त्यांनी मला ताक दिले होते आणि ते एक शब्दही बोलले नव्हते. आताही ते काही बोलले नाहीत. गाडी लूपमध्ये उभी होती. ते वाकून बराच वेळ कटिंगकडे पाहत राहिले आणि मग बोट ठेवून म्हणाले, "हयसर एक कलम होता. मोठा." त्यांचे बोट बरोबर मुख्य मार्गाच्या कडेला टेकले होते.

मोजणीदाराच्या हिशेबाने तिथे झाड बसत नव्हते. डब्याचा कोपरा त्याच्या फांद्यांना घासला असता. मी रानतुळशीचा एक चांगला दाट तुरा निवडला, बुंध्याला फेव्हिकॉल लावला आणि तीन सेंटिमीटर आत, कटिंगच्या माथ्यावर धरला. आबांनी मान हलवली. "थय नाय, जरा खालती." मी खाली आणला. "आणि जरा." शेवटी तो त्यांच्या बोटाखालीच बसला, रुळाला अगदी लागून. हात काढला तर झाड कलत होते, म्हणून त्याला दोन बाजूंनी टाचण्यांचा आधार दिला. खाली आरतीच्या टाळांचा आवाज सुरू झाला, मुले शिडीवरून धडधडत उतरली, आणि जाता जाता एकाने विचारलेच, "गाडी कधी सुटतली?" फेव्हिकॉल सुकायला रात्र लागणार होती. तोपर्यंत मुख्य मार्ग बंद, म्हणून मी स्विच बंद करून पॅसेंजर लूपमध्येच ठेवली आणि आबांचा हात धरून त्यांना शिडीपर्यंत नेले.