गाडीत सगळं नवीन, तरी सेल्फ घेईना

गाडी जुनी, पेट्रोलची, कार्ब्युरेटरवाली. टो करूनच आणली. मालकांनी उतरल्या उतरल्या बिलांची फाईल पुढे केली. बॅटरी नवी, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) पूर्ण खोलून कार्बन-बुश बदललेले, मग डायनामोही नवा. (बॅटरी चार्ज करतो तो. असतो अल्टरनेटर, पण गॅरेजात सगळे डायनामोच म्हणतात.) एवढं करूनही सकाळी चावी फिरवली की इंजिन दमल्यासारखं अर्धा फेरा घेतं आणि थांबतं, आणि रात्री हेडलाइट लावून गाडी चालवली की दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरलेली.

अशी फाईल बघितली की मी आधी पान्याला हात लावत नाही. तीन सुटे भाग बदलूनही तक्रार तीच असेल, तर दोष बहुधा त्यांच्यामधल्या रस्त्यात असतो. आणि तो रस्ता कुणी मोजत नाही, कारण वायर विकून कुणाचं बिल फुगत नाही.

बॅटरी स्थिर असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. (मालकांनी आदल्या रात्री चार्जरवर ठेवली होती.) मीटर बॅटरीवरच ठेवून त्यांना म्हटलं, "काका, चावी मारा." इंजिन रडत रडत फिरलं आणि मीटरवर 11.3. इथेच माझे कान टवकारले. बॅटरी कमजोर असती तर आकडा साडेनऊच्या खाली गेला असता. इंजिन हळू फिरतंय आणि बॅटरीवर मात्र आरामात 11.3 आहे, याचा अर्थ सेल्फला हवा तेवढा करंट मिळतच नाही.

मग सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर एक प्रोब, सेल्फच्या अंगावर दुसरा. चावी मारली. 9.0! वाटेत 2.3 व्होल्ट गडप. पॉझिटिव्ह वायरवर मोजले 0.4, ते चालतं. उरलेले 1.9 सगळे अर्थच्या बाजूला, म्हणजे इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येणाऱ्या रस्त्यावर. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत 0.1, आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत 1.8. तिथे 0.2 सुद्धा मला जास्त वाटतात.

"काका, एक्सिलरेटर जड होतो का हो?" मी विचारलं. ते चमकले. "तुम्हाला कसं कळलं? वायर बदलली, परत जड झाली." मी बॉनेटमध्ये हात घातला. चावी मारून झाल्यावर एक्सिलरेटरची केबल चक्क कोमट लागत होती.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती एक विणलेली तांब्याची पट्टी. ती गेली की सेल्फचा करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो. इथे त्याने एक्सिलरेटरची केबल धरली होती. ती तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि तार चिकटायला लागते. बिचाऱ्या केबलवर दोष, आणि मूळ आजार तिच्यापासून हातभर लांब.

खात्री करायला जंपर केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चावी मारली आणि इंजिन झटक्यात सुरू झालं. काका मागे सरकले!

पट्टी सापडली गिअरबॉक्सजवळ, तेल-मातीच्या थराखाली. वरून धड. थर खरवडला तर लगच्या (बोल्ट बसतो त्या टोकाच्या कडीच्या) तोंडाशी तांबं हिरवं पडलेलं आणि मोजक्याच तारा शिल्लक. आधी कुणीतरी मीटरचा बजर (वायर सलग असली की वाजतो तो) लावून ती "ओके" ठरवली होती, असं काकांनी सांगितलं. बजर वाजणारच. तो नावापुरता करंट सोडतो, त्याला एक तारही पुरते. सेल्फ मागतो शंभर अँपिअरच्या वर. त्या करंटला वाटेत 0.015 ओहम जरी अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जातात, आणि साध्या मीटरला एवढा लहान ओहम धड दिसत नाही. म्हणून वायर नेहमी लोड देऊनच मोजायची.

चार्जिंगचंही कोडं यातच होतं. हेडलाइट लावून डायनामोच्या टर्मिनलवर आणि अंगावर मोजलं तर 14.2, त्याच वेळी बॅटरीवर 13.4. डायनामोचा रेग्युलेटर (व्होल्ट ठरावीक ठेवणारा भाग) स्वतःच्या अंगाशी तुलना करून समाधानी होता, पण त्याचाही परतीचा रस्ता त्याच कुजक्या पट्टीतून जात होता. जुना डायनामोही निर्दोषच असणार. हे काकांना सांगताना मलाच वाईट वाटलं.

नवी पट्टी लावली, दोन्ही टोकांखालचा रंग-गंज घासून लोखंड चमकवलं, बोल्टवर ग्रीस दिलं. पुन्हा मोजलं तर अर्थला 0.15. हेडलाइट लावून बॅटरीवर 14 व्होल्ट. काका मात्र मीटरकडे बघून गडबडले, कारण सेल्फ मारताना आता बॅटरी 10.6 दाखवत होती. "आधी 11.3 होतं, म्हणजे ही पण गेली?"

"नाही हो, सेल्फ आता पोटभर करंट ओढतोय, म्हणून आकडा खाली येतो," मी म्हटलं आणि अडकलेली एक्सिलरेटर केबल काढायला घेतली.