गच्चीवरचा पर्जन्यमापक, नोंद ९: पाऊस २८ टक्के कमी पडला

गच्चीवरच्या पर्जन्यमापकात तासाभराचा पाऊस ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की आमच्या ग्रुपवर आपोआप इशारा जातो. हे इशारे फार होतात, अशी तक्रार मागच्या नोंदीत लिहिली होती. तासाला १० मिमी ही मर्यादा बडोद्याच्या जुलैला फारच कोती. दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर एक बरी सर आली की मेसेज, दुसरी आली की मेसेज. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मी हा उद्योग सुरू केला तो विश्वामित्री नदीच्या धास्तीने. लोक ग्रुप म्यूट करायला लागले तर उपयोग काय? मर्यादा २० करायची ठरवली. एक आकडा बदलायचा होता. त्यात माझा पूर्ण आठवडा गेला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: गच्चीवर टिपिंग बकेटवाला पर्जन्यमापक आहे. आतला दोन तोंडांचा चमचा भरला की कलंडतो, आणि एका कलंडण्याला ०.२७९४ मिमी पाऊस धरायचा. ईएसपी३२ हा छोटा वायफाय-बोर्ड दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो. हिशोब आणि मेसेज करणारा माझा प्रोग्रॅम, म्हणजे 'सेवा', गूगलच्या क्लाउड रनवर (भाड्याच्या सर्व्हरवर) चालतो, मुंबई रिजनमध्ये. सेवेला तीन साधे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (कोडच्या बाहेरून द्यायच्या किमती) होते: इशाऱ्याची मर्यादा, कलंडण्यामागचे मिमी आणि टाइमझोन. टोकन (पासवर्डसारखी किल्ली) आणि ग्रुपचा आयडी गुप्त, म्हणून 'सीक्रेट'मध्ये वेगळे. दोनेक महिन्यांपासून हे सगळं मी एआय एजंटकडून, म्हणजे साध्या भाषेत सांगितलं की स्वतः कमांड चालवणाऱ्या एआयकडून, करून घेतो. कमांड पाठ करायचा मला कंटाळा आहे, हे खरं कारण.

शनिवारी संध्याकाळी शेवउसळच्या गाडीवर उभा होतो. मोबाईलवरून एजंटला लिहिलं, 'इशाऱ्याची मर्यादा २० कर.' त्याने कमांड दाखवून परवानगी मागितली. एका हातात पाव, दुसऱ्या हाताचा अंगठा तर्रीने माखलेला. करंगळीने 'हो' दाबलं. 'झालं, नवीन रिव्हिजन सुरू आहे.' (रिव्हिजन म्हणजे प्रत्येक बदलानंतर तयार होणारी सेवेची नवी आवृत्ती.) मीही खूश.

रविवार दिवसभर कोरडा गेला. रात्री मात्र दणकून पडला. सोमवारी दुपारी शेजारच्या काकांचा फोन. त्यांच्याकडे जुनी काचेची मापनळी आहे, रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहितात.

'अरे, तुझ्या मशिनीला तहान लागली होती का? माझ्या नळीत ४२, आणि तू ३० सांगतोस. तेही दुपारी दोनला!'

दोनला? आमचा मेसेज साडेआठला जातो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तोच आपणही धरलाय. तिथेच ट्यूब पेटली. साडेआठ आणि दोन यांत साडेपाच तासांचा फरक, म्हणजे सेवा यूटीसीवर, ग्रीनिचच्या जागतिक वेळेवर, चालत होती. टाइमझोन गेला होता.

आणि तो एकटा गेला नव्हता. एजंटने दिलेल्या कमांडमध्ये 'सेट-एन्व्ह-वार्स' होतं. ते आधीची साधी व्हेरिएबल काढून टाकतं आणि दिलेली तेवढीच ठेवतं. जुन्यात नवीन मिसळायचं असेल तर 'अपडेट-एन्व्ह-वार्स'. माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिलंय, क्लाउड रनची काही चूक नाही. मी कमांड वाचली असती तर दिसलं असतं. (वाचली होती. शब्द वाचले, अर्थ नाही.)

पण खरी खोड माझ्या कोडमध्ये निघाली. 'मिमीचं व्हेरिएबल नसेल तर ०.२ धर' अशी ओळ कधीतरी सुरुवातीला चाचणीसाठी लिहिली होती. त्यामुळे काही बंद पडलं नाही, कुठे लाल अक्षर उमटलं नाही. चमचा १५० वेळा कलंडला होता, म्हणजे ४१.९ मिमी. सेवेने ०.२ ने गुणून ३० सांगितले. रात्री एका तासात ८६ वेळा कलंडला होता. ते २४ मिमी व्हायला हवे होते, हिशोबात आले १७, आणि २० ची मर्यादा न ओलांडल्याने इशारा गेलाच नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच नाही. सेवा आडवी पडली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

साठवणीत मी मिमी न ठेवता कलंडण्याची संख्याच ठेवतो, त्यामुळे जुने आकडे दहा मिनिटांत दुरुस्त झाले.

मग जुन्या रिव्हिजनकडे ट्रॅफिक (सेवेकडे येणारे आकडे) वळवलं आणि मर्यादा पुन्हा २० केली, या वेळी 'अपडेट'ने. एजंट म्हणाला झालं. बुधवारी ११ मिमीला मेसेज आला! ट्रॅफिक एकदा ठरावीक रिव्हिजनला बांधलं की पुढची नवीन रिव्हिजन तयार होते, पण तिच्याकडे काही जात नाही. 'टू-लेटेस्ट' करून ती गाठ सोडावी लागते. एजंट खोटं बोलला नव्हता, बदल झालाच होता, फक्त तो कुणी वापरत नव्हतं. आता 'झालं' म्हटल्यावर मी विचारतो: ट्रॅफिक कुठे आहे ते दाखव.

आताची मांडणी अशी. एजंटच्या खात्याला रोजच्यासाठी फक्त बघण्याचा हक्क. बदल करायचा तर वेगळं खातं, तेही घरी बसून, हात धुऊन. आधी चालू व्हेरिएबलची यादी, मग बदलानंतरची, दोन्ही शेजारी. नवीन रिव्हिजन शून्य ट्रॅफिकवर, आणि ट्रॅफिक मी स्वतः वळवतो. कोडमधले डिफॉल्ट सगळे उडवले. व्हेरिएबल नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, मग ती रिव्हिजन तयार ठरत नाही आणि जुनी चालत राहते. मुद्दाम टाइमझोन काढून करून बघितलं, बराबर अडलं.

जाता जाता, काकांनी डिवचल्यामुळे ०.२७९४ सुद्धा तपासायला घेतलं. माझ्या नरसाळ्याचं तोंड ११ बाय ५ सेंटिमीटर. अर्धा लिटर पाणी सलाईनच्या नळीने थेंब थेंब सोडलं तर चमचा ३२५ वेळा कलंडायला हवा. आई झोपाळ्यावर बसून मोजत होती, मी लॉग बघत होतो. दोघांचेही ३१७ आले. म्हणजे आकडा ०.२८७ च्या आसपास हवा. बदल तयार करून शून्य ट्रॅफिकवर ठेवलाय. काकांच्या नळीशी दोन पाऊस ताडून बघतो, मग वळवतो.