आधी उभं राहणं

मोठ्या माणसाला मी पहिले तीन दिवस पोहणं शिकवतच नाही. पाण्यात उभं राहायला शिकवतो. पोरं गटांगळी खाऊन पुन्हा उडी मारतात. मोठ्यांच्या डोक्यात मात्र कमरेएवढ्या पाण्यातही एकच भीती: पाय सुटले तर परत टेकतील का? म्हणून गुडघे पोटाशी, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबायचं, पाय टेकले की मगच डोकं वर. घाबरलेला माणूस आधी डोकं काढतो, पाय मागेच राहतात आणि मग नुसती झटापट. आमचा नवा कोच पहिल्याच दिवशी हातात तरंगायची फळी देतो. फोटो झकास येतात. फळी काढली की माणूस पुन्हा शून्यावर.

एक ताई नातवाला सोडायला यायच्या. बाकीचे पालक फोनमध्ये, या मात्र कठड्याशी उभ्या राहून माझं बोलणं ऐकत. एक दिवस फॉर्म घेऊन आल्या. वय 63. मी म्हणालो, "पाण्यात चालायचा व्यायाम करा, गुडघ्यांना बरा." ज्येष्ठांना वाटेला लावायची ही आमची सभ्य रीत.

"चालता येतं मला," त्या म्हणाल्या.

नववा दिवस. उताणं तरंगणं. "मान सैल सोडा" सांगून कुणाची मान सुटत नाही. मी म्हणतो, छताकडे बघा, कान भिजू द्या. कान पाण्यात गेले. छाती भरली. आवळलेल्या मुठीतलं एकेक बोट उघडलं. डोक्याखालचा तळवा मी काढून घेतला, त्यांना कळलंही नाही. मनात वीस आकडे मोजले. तरंगायला छातीत हवा लागते, आणि अंगावरची थोडी चरबी कामीच येते; व्यायामशाळेतल्या कडक पोरांचे पाय दगडासारखे खाली जातात.

मग त्या शिकवल्याप्रमाणे उभ्या राहिल्या. गॉगल पुसत म्हणाल्या, "मुलीला आणायचे तेव्हाही विचारलं होतं. 41 ची होते. सर म्हणाले, ताई, आता या वयात कशाला?"

"असतात असे कोच," मी म्हणालो.

"तुम्हीच होता."

आवाजात राग नव्हता. मला काही म्हणजे काही आठवत नाही. तेव्हा मी 27 चा, गळ्यात नवी शिट्टी. किती जणींना असं सहज बोलून गेलो असेन.

काय बोलावं सुचेना. "उद्या श्वासाचं बघू," म्हणालो.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून दहा मिनिटं आहेत, सर."